द्राक्षाचं मूळ गाव

मराठी माणूस अनोळखी माणसाशी बोलायला लागला की पहिलं वाक्य उकाड्यावर, दुसरं लोकलच्या गर्दीवर आणि तिसरं ठरलेलं : "आपण मूळचे कुठले?" या प्रश्नाला "नेरूळचा" असं उत्तर देऊन बघा. साखर घालायची राहिलेल्या चहाचा घोट घेतल्यासारखा विचारणाऱ्याचा चेहरा होतो. "ते राहायला हो. पण मूळचे?" मग आपण देवरुख म्हणतो, तो "वरच्या आळीतले का?" म्हणतो, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडतो. आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं चोवीस आणि मूळ गावं अठ्ठावीस आहेत. चार घरांत नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.

आता नवी मुंबईत हे असंच असणार. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी घेऊन खाडीपलीकडे नवं शहर आखलं गेलं आणि कुठकुठली माणसं आणून इथे लावली गेली. मुंबईतला घाऊक फळबाजारसुद्धा १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटमधून बिऱ्हाड उचलून वाशीला आला. ज्यांचं मूळ गाव खरोखरच नेरूळ, शिरवणे किंवा तुर्भे आहे, त्या आगरी-कोळी मंडळींना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. जो उत्तर देऊ शकतो त्याला प्रश्न विचारायचाच नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

पण 'मूळचे कुठले' हा रोग फक्त मराठी माणसाला आहे असं जे मी समजत होतो, तो समज अलीकडे पार धुऊन निघाला. वाइन पिणारे लोक आपल्याही वरताण आहेत. बाटली हातात आली की आत काय आहे यापेक्षा ते कुठलं आहे याची चौकशी आधी. जिल्हा कुठला, तालुका कुठला, टेकडीची कुठली बाजू, आणि द्राक्ष कोणत्या घराण्यातलं. पत्रिका जुळल्याशिवाय घोट म्हणून घ्यायचा नाही.

आमच्या लहानपणी घरात द्राक्षाचा एकच द्रव पदार्थ असे, तो म्हणजे द्राक्षासव. ते आजीच्या फडताळात असे आणि जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाणी घालून, अत्यंत धार्मिक चेहऱ्याने ती घेत असे. आसव म्हणजे आंबवलेलं, आणि आंबवलेलं म्हणजे त्यात थोडंफार मद्य आलंच, हे आजीला सांगण्याची आमच्या घराण्यात कोणाची छाती नव्हती. १९४९ चा दारूबंदीचा कायदा ज्या राज्यात आला त्याच राज्यात आजीचं फडताळ निर्वेधपणे चालू होतं.

आणि आजीचीही परंपरा जुनीच म्हणायची. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षावर एक प्रकरण आहे. त्यात मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या रसाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि लगेच त्याचं गाव सांगितलंय : एक कापिशायन, दुसरं हारहूरक. कापिशायन म्हणजे कपिशेचं. ही कपिशा आजच्या अफगाणिस्तानात, काबूलच्या उत्तरेला येते. फ्रेंच लोकांनी बाटलीवर गावाचं नाव छापण्याचे कायदे केले ते विसाव्या शतकात. आमच्या कौटिल्याने द्राक्षाच्या मद्याची ओळखच 'मूळचं कुठलं' यावरून करून दिली, ती जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी. तेव्हा हा प्रश्न मराठी नसला तरी भारतीय नक्कीच आहे.

त्या काळातल्या रोमन लोकांनाही तो ठाऊक असावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याची जी माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात भडोचला काय खपतं याची यादी आहे आणि यादीत वाइन आहे. तीही कशी, तर इटलीची असेल तर जास्त पसंत, मग लाओदिकेआची आणि अरबस्तानची. म्हणजे भडोचचा व्यापारी बंदरात उभा राहून "मूळची कुठली?" असंच विचारत होता. ज्या दोन मुठींच्या मातीच्या उंच कुंभांतून ही वाइन यायची, त्यांना अँफोरा म्हणतात. त्यांची खापरं नेवाशाच्या उत्खननात मिळाली आहेत आणि घारापुरीलाही मिळाली आहेत. घारापुरी म्हणजे काही परमुलूख नाही. उरणच्या बाजूला गेलं की समोर दिसणारं बेट. आपण तिथे त्रिमूर्ती बघायला जातो, फोटो काढतो, माकडाला चिप्स देतो आणि परततो. भूमध्य समुद्राकडची वाइन तिथे उतरली होती हे कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर आमच्या सोसायटीच्या सहलीला गर्दी जास्त झाली असती.

इथवर बाहेरून आलेल्या वाइनची गोष्ट झाली. वेल कधीपासून आपल्याकडे रुजला? चौदाव्या शतकात इब्न बतूता देवगिरीला, म्हणजे तेव्हाच्या दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षं होती आणि ती वर्षातून दोनदा येतात असं त्याने लिहून ठेवलंय. ही गप्प नव्हे. युरोपातला वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. आपल्याकडे त्याला झोपायला थंडीच मिळत नाही. म्हणून आपले बागाईतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यातली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली ती गोडी छाटणी. फळ मात्र गोडी छाटणीनंतरचं, एकदाच धरतात. एखाद्या सरकारी कचेरीत घालावा असा हा वेल आहे : झोपू द्यायचा नाही, आणि काम मात्र वर्षातून एकदाच.

विसाव्या शतकात नाशिककडे बागा वाढल्या. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षं लावली, तिथून नाशिकची कथा सांगायची पद्धत आहे. तेव्हाच्या द्राक्षांची नावं ऐका : भोकरी, फकडी, साहेबी, हबशी. नुसती यादी वाचली तरी एखाद्या पेशवाई नाटकाची पात्रं रांगेने रंगमंचावर येताहेत असं वाटतं. मग हैदराबादकडून अनाबेशाही आली, आणि त्यानंतर ज्याने सगळ्यांना घरी बसवलं तो थॉम्पसन आला. थॉम्पसन सीडलेस. वाशीच्या बाजारात जानेवारी ते एप्रिल ज्याच्या पेट्यांची भिंत उभी राहते, तो हाच किंवा त्याचा कुणीतरी पुतण्या.

हा थॉम्पसन मूळचा कुठला? नावावरून साहेब वाटतो. खरं म्हणजे विल्यम थॉम्पसन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात काही काड्या मागवून लावल्या, त्यातली एक टिकली, आणि तिला शेजाऱ्यांनी थॉम्पसनचं नाव दिलं. पण हे द्राक्ष म्हणजे तुर्कस्तान-इराणकडची सुलताना. आपण बेदाणा म्हणून खातो ती किसमिस हिचीच. म्हणजे पश्चिम आशियातली सुलताना अमेरिकेत जाऊन मिस्टर थॉम्पसन झाली आणि महाराष्ट्रात येऊन पुन्हा नाव बदलती झाली. कारण तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या बागेत तिचा एक वेगळा लांबट मणी निघाला, त्याचा झाला 'तास-ए-गणेश'. नाव इराणी शहजाद्याचं आणि बुद्धी तासगावची! सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांच्या बागेत निघालेली 'सोनाका' हीदेखील याच घराण्यातली. मूळ गाव सोडलेल्या माणसाने किती वेळा आडनाव बदलावं याला काही मर्यादा?

इथे द्राक्षाचा एक स्वभाव सांगायला हवा, नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही. द्राक्षाची बी पेरली तर आईबापांसारखं मूल होत नाही. भलतंच काहीतरी उगवतं, बहुधा आंबट. आंब्याचं आपल्याला माहीत आहे, हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही. द्राक्षाचंही तेच. जात टिकवायची तर एकच उपाय : कोणीतरी त्या वेलाची काडी कापायची आणि दुसरीकडे लावायची. म्हणून नाव असलेलं प्रत्येक द्राक्ष म्हणजे कधीतरी उगवलेला एकच वेल, आणि त्यानंतर शेकडो वर्षं या हातातून त्या हातात गेलेल्या त्याच्या काड्या. मधे एका पिढीने कंटाळा केला की संपलं. बी ठेवून निश्चिंत होण्याची सोय नाही.

हे मला वाचून कळलं होतं. पटलं ते क्रोएशियात. क्रोएशियाला आम्ही वाइनसाठी गेलो नव्हतो. मराठी मध्यमवर्गीय माणूस परदेशी ज्या एका कामासाठी हमखास जातो त्यासाठी गेलो होतो, लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक-जावई झाग्रेबला असतात. नात तीन महिन्यांची झाली, हिने आणलेला डिंक संपला, तेव्हा जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्हाला समुद्र दाखवतो." मला खाडीकाठी राहून समुद्राचं अप्रूप नाही, पण जावयाला असं म्हणत नाहीत. मग गाडीने स्प्लिटला.

स्प्लिटच्या पश्चिमेला किनाऱ्याने काश्तेला नावाची सात गावं ओळीने आहेत. तुर्कांच्या भीतीने व्हेनिसच्या अमलात बांधलेल्या गढ्यांभोवती ती वसली. त्यांतल्या एकाचं नाव काश्तेल नोवी. नोवी म्हणजे नवी! आपली नवी आणि त्यांची नोवी या सख्ख्या नसल्या तरी भाषेच्या घराण्यात चुलत बहिणी. "म्हणजे हे त्यांचं नवी मुंबई," मी म्हणालो. जावईबापू म्हणाले, "बाबा, हे पाचशे वर्षांचं आहे." पाचशे वर्षं झाली तरी पाटी 'नवी'च. आमच्या नेरूळच्या नव्या पुलाची आठवण झाली, तो पाडायला आला तरी नवाच राहील.

पण या गावाची खरी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत झिनफँडेल नावाचं एक काळं द्राक्ष आहे. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधात माणसं धावली त्या काळापासून ते तिथे आहे आणि तिथल्या लोकांनी ते अगदी आपलं म्हणून मिरवलं. पण अमेरिकेत युरोपी जातीचं द्राक्ष आपोआप उगवत नाही. तेव्हा प्रश्न आलाच : मूळचं कुठलं? १८२० च्या दशकात न्यू यॉर्ककडच्या जॉर्ज गिब्ज नावाच्या रोपवाटिकावाल्याने व्हिएन्नाच्या शाही बागेतून काड्या मागवल्या होत्या, इथवर माग लागत होता. १९६७ साली ऑस्टिन गोहीन नावाचे अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत बारीला गेले असताना त्यांना तिथली प्रिमितिवो नावाची वाइन चाखून हे झिनफँडेलच आहे असा संशय आला. पुढे १९९० च्या दशकात डीएनए तपासून कॅरोल मेरेडिथ या कॅलिफोर्नियातल्या बाईंनी ते पक्कं केलं. पण इटलीवालेही म्हणत होते, आमच्याकडे बाहेरून आलं. शेवटी मेरेडिथबाई क्रोएशियात आल्या आणि झाग्रेबच्या इवान पेजिच आणि एदी मालेतिच या दोन संशोधकांबरोबर किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बागा धुंडाळू लागल्या. २००१ साली सापडलं. काश्तेल नोवीच्या एका मिश्र बागेत, इतर वेलांच्या गर्दीत, बोटांवर मोजण्याइतके वेल. गावातलं नाव 'त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की', म्हणजे काश्तेलाचं तांबडं. अमेरिकेत हजारो एकरांवर पसरलेला, मोटारीवाला नातेवाईक, आणि मूळ गावी घराच्या पडवीत चार म्हातारे! नंतर कळलं की त्याचं आणखी जुनं नाव त्रिबिद्राग होतं.

आम्ही एका घरगुती भोजनालयात जेवलो. मालक सत्तरीचे. जावयाने क्रोएशियन भाषेत विचारल्यावर त्यांनी मागच्या बाजूने एक बिनचिठ्ठीची बाटली आणली. हिने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या ग्लासकडे पाहिलं. "अहो, दोन चमचेच हं." मालकांनी माझ्या ग्लासात वाइन ओतली आणि हिला संशय आहे हे बघून वरून पाणी घातलं. त्या किनाऱ्यावर तांबड्या वाइनमध्ये पाणी घालून प्यायची पद्धतच आहे, तिला बेवांदा म्हणतात. "आजीसारखंच की!" ही एकदम म्हणाली, "समभाग पाणी!" आणि तिने चक्क एक घोट घेतला. काळ्या मनुकांचा आणि किंचित मिऱ्यांचा वास होता. वाइनवाले लोक अशा वेळी जर्दाळू, ओली माती, चामडं, तंबाखू असं काहीबाही ओळखतात. हिला जिरेपूड ओळखू आली. मी गप्प बसलो.

मी जावयाकरवी म्हाताऱ्यांना विचारलं, की हे वेल कोणी तोडले कसे नाहीत? ते म्हणाले, "बापाने लावलं होतं. तोडायला वेळ झाला नाही." आता हा विनोद होता की तत्त्वज्ञान, हे मला क्रोएशियन येत नसल्याने ठरवता आलं नाही. पण जगातल्या पुष्कळशा अनवट द्राक्षांचा इतिहास या एका वाक्यात येतो हे मात्र खरं.

त्यानंतर मला नाद लागला. लेकीच्या घरी बाळ झोपलं की मी द्राक्षांची नावं वाचत बसे. पोर्तुगालमध्ये एका द्राक्षाला 'कुत्र्याचा गळा दाबणारं' म्हणतात, इतकं ते आंबट. इटलीत एकाचं नाव 'कोल्ह्याचं शेपूट'. कोल्ह्याला द्राक्षं आंबट हे आपण ऐकलं होतं, इथे त्याचं शेपूटच वेलाला लटकलंय. आणि इटलीतच रोमान्या प्रांतात एक पांढरं द्राक्ष आहे, त्याला 'पागादेबित' म्हणतात : कर्जफेड्या. हवामान कितीही वाईट असो, हा वेल काहीतरी पीक देतोच, आणि शेतकऱ्याचं देणं भागतं. हे नाव वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपल्याकडे असं नाव कोणत्या पिकाला द्यावं?

कुत्र्याचा गळा दाबणाऱ्या त्या द्राक्षाची मात्र मुंबईशी जुनी ओळख निघाली. पोर्तुगालच्या ताब्यातल्या मदेइरा बेटावर त्याला सेर्सियाल म्हणतात. सेर्सियाल, वेर्देल्यो, बुआल आणि माल्वाझिया ही त्या बेटाची चार घराणी. हिंदुस्थानकडे येणारी जहाजं मदेइराला थांबून पिंपं भरून घेत. अठराव्या शतकात कंपनीच्या साहेबांचं या वाइनवर भारी प्रेम. गंमत अशी, की जी पिंपं न खपता उष्ण समुद्रांतून हिंदुस्थानची वारी करून परत जात, त्यांतली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघे. मग मुद्दाम पिंपं फिरवून आणायची पद्धत पडली आणि त्या वाइनला 'व्हिन्यो दा रोदा', म्हणजे फेरी मारून आलेली वाइन, असं नाव पडलं. मुंबईत आलेल्या इंग्रजाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं त्याआधी सतराव्या शतकात खुद्द इंग्रजच म्हणत. माणूस दोन पावसाळ्यांत आटोपायचा, आणि पिंप त्याच उकाड्यात तब्येत कमावून घरी जायचं. आपल्या उकाड्याने कोणाचं भलं झाल्याचं इतिहासात हे एकच उदाहरण मला सापडलं.

परत आल्यावर मी हिला म्हणालो, नाशिकला जाऊ या. देवदर्शन हे कारण पुढे केलं, कारण नाशिकला आधी रामाला हजेरी लावल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. महाराष्ट्रात आजच्या पद्धतीची वाइन आधी नारायणगावला झाली. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तिथे फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली आणि ती परदेशीही गेली. पुढे राजीव सामंत यांनी १९९७ साली नाशिकजवळ आपल्या घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली, २००० साली त्यांच्या सुला नावाच्या बाटल्या आल्या, आणि २००१ साली राज्य सरकारने यासाठी धोरण आणलं. मग दिंडोरी, निफाड, इगतपुरी, जिकडेतिकडे परदेशी वेल. काश्तेलाचं तांबडंही नाशिकला पोचलं, झिनफँडेल या अमेरिकन नावाने.

दिंडोरीच्या एका बागेत आम्हाला एका तरुण बागाईतदाराने फिरवलं. घड बघून ही हिरमुसली. "एवढेएवढेसे मणी? आणि बियांसकट?" वाशीच्या बाजारात हिने हे घेतलेच नसते. तो हसला, म्हणाला, "काकू, ही खायची नाहीत. जितका मणी बारीक तितकी साल जास्त, आणि सगळी चव सालीत." एक ओळ पिवळसर घडांची होती. मी नाव विचारलं. "व्हिओनिए."

हे नाव ऐकून मी जो थांबलो तो थांबलोच. कारण या व्हिओनिएची कथा मी झाग्रेबला वाचली होती. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी काँद्रिय नावाचं गाव आहे. तिथल्या उभ्या चढावर हे द्राक्ष होई. आधी कीड आली, मग पहिलं महायुद्ध, मग जवळच्या ल्योंच्या कारखान्यांत नोकऱ्या. पोरं चढ चढायला तयार होईनात. कोकणातल्या कुठल्याही गावाची गोष्ट म्हणून छापली तरी चालेल. १९६० च्या दशकात सबंध फ्रान्समध्ये या द्राक्षाचे थोडे एकर उरले होते. जॉर्ज व्हेर्ने नावाचे एक गृहस्थ मात्र चढावरच्या बागा नीट करत बसले, इतरांना करायला लावत बसले. ते तिथे बसले म्हणून आज काडी दिंडोरीला आली. मी त्या घडाकडे पाहत राहिलो. 'चुलतभाऊ भेटला का?' अशा अर्थाने ही माझ्याकडे पाहत राहिली.

"आणि खाली काय आहे?" मी विचारलं. बागाईतदाराला प्रश्न आवडला. त्याने बुंध्याजवळची माती पायाने सरकवून कलमाची गाठ दाखवली. "खाली डॉगरिज. आधी डॉगरिजचा खुंट जमिनीत लावायचा, तो धरला की त्यावर पाचर कलम."

इथे त्या किडीचं सांगायला हवं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची एक सूक्ष्म कीड फ्रान्समध्ये गेली आणि युरोपातल्या वेलांची मुळं खाऊ लागली. १८६८ साली प्लँशाँ नावाच्या शास्त्रज्ञांनी ती ओळखली. औषध सापडेना. शेवटी उपाय निघाला तो असा, की जिथून कीड आली तिथलाच रानवेल खुंट म्हणून खाली लावायचा, कारण त्याच्या मुळांना ती सोसते, आणि वर आपली काडी कलम करायची. टेक्सासच्या मन्सन नावाच्या रोपवाटिकावाल्याने त्या रानवेलांवर इतकं काम केलं, की १८८८ साली फ्रान्सने त्याचा किताब देऊन सन्मान केला. डॉगरिज हा त्याच टेक्सासचा खुंट. महाराष्ट्रात तो लावतात तो मुख्यतः पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून. म्हणजे आज जगातली बहुतेक सगळी खानदानी फ्रेंच वाइन, आणि आपली दिंडोरीचीही, अमेरिकन रानवेलाच्या पायांवर उभी आहे. डोकं फ्रेंच, पाय टेक्सासचे, माती दिंडोरीची आणि छाटणारे हात पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचे. २०१०-११ मध्ये 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक निर्देशांकाचा शिक्का मिळाला, तेव्हापासून हे सगळं मिळून मूळचं नाशिकचं. मला वाटतं, ते बरोबरच आहे.

फक्त खुंटाचं नाव बाटलीवर नसतं. वर कोण आहे ते छापतात, गाव छापतात, वर्ष छापतात. ज्याने मुळं जमिनीत धरून बाकीच्यांना जगवलं त्याचा उल्लेख नाही. हे वाचताना शिरवण्याच्या आणि नेरूळच्या गावठाणातली मंडळी मला आठवतात. आमचं सगळं कलम ज्यांच्या जमिनीवर चढलं, त्यांच्यातली पाच माणसं जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणकडच्या आंदोलनात गोळीबाराला बळी पडली. शहराच्या चकचकीत पुस्तिकेत खुंटाचं नाव शोधून बघा.

२०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि आमच्या सोसायटीच्या सभेतही झाला. निम्मे म्हणाले ही दारू, निम्मे म्हणाले हा शेतीमाल. दोन्ही पक्ष तावातावाने बोलले आणि चहा पिऊन घरी गेले. त्या दोन तासांत एकानेही विचारलं नाही, की कोणतं द्राक्ष? एरवी शेजाऱ्याच्या पणजोबांचं गाव काढणारी ही माणसं!

मला त्या दिवसापासून भोकरी आणि फकडीचं वाटत राहिलंय. ती वाइनची द्राक्षं नव्हती, खायची होती. पण काश्तेलाचं तांबडं तरी कोणाला हवं होतं? दक्षिणेत भोकरीच पचाद्राक्ष नावाने नांदली असं वाचलं, म्हणजे तिनेही गाव बदलून नाव बदललंच. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे नाना जातींच्या काड्या जपतात. जपलेली काडी म्हणजे औषधालयात ठेवलेला माणूस. जिवंत खरा, पण घरी नाही. आणि बागाईतदाराला तरी काय म्हणून सांगावं, की बाबा, थॉम्पसन काढ आणि भोकरी लाव? एका गारपिटीत त्याचं वर्ष जातं. कर्ज फेडतं ते द्राक्ष तो लावणार. त्याच्या जागी मीही तेच लावलं असतं.

परवा मार्चमध्ये वाशीच्या फळबाजारात गेलो होतो. एका गाळ्यावर ऐंशीच्या आसपासचे शेटजी गादीवर बसले होते, क्रॉफर्ड मार्केटच्या काळापासून धंद्यात. मी विचारलं, "भोकरी असते का हो कधी?" त्यांनी हिशेबाची वही मिटली. "भोकरी?" ते म्हणाले, "साल पातळ, रस पुष्कळ. गाडीत टिकायची नाही. संध्याकाळपर्यंत विकायला लागायची. माझा बाप तिला 'घाई' म्हणायचा." मग त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, हे बघ, हे काका भोकरी विचारताहेत!" मुलगा मोबाइलवरून मान वर करून म्हणाला, "कोण भोकरी?"

शेटजी त्याला सांगत बसले. मणी केवढा असायचा ते बोटांनी दाखवून, पेटीत पाला कसा घालायचा ते सांगून. मागे पेट्या उतरत होत्या, हमाल ओरडत होते, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि ऐकायला लागला. मी दोन किलो तास-ए-गणेश घेऊन, त्यांचं बोलणं न मोडता, हळूच निघालो.